बिनशिंगी मेंढे

कोचकोरच्या तालुका कचेरीत बुरुलसूननं एकतीस वर्षं टंकलेखन केलं, आणि तिच्या हातचा कागद चुकीपायी कधी परत आला नाही. हे ती न विचारताच सांगे. निवृत्तीनंतर तिनं एकच काम मनावर घेतलं होतं: सासूच्या, सायराश-आपाच्या नक्ष्यांचं पुस्तक. नमद्याच्या शिर्डाकांवर, म्हणजे लोकरी गालिच्यांवर, आपा जन्मभर नक्ष्या कापत आली, पण कागदावर एकही उतरवली नाही. आता तिची नजर झपाट्यानं जात होती, आणि नक्षी बरोबर की चूक हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

बिश्केकला राहणाऱ्या धाकट्या जावेनं, मीरिमनं, जुन्या शिर्डाकांवरून संगणकावर बासष्ट रेषाचित्रं काढून पाठवली. कितीही मोठी करा, रेष फुटायची नाही. आपाच्या डोळ्यांना तेच हवं होतं. पण बुरुलसूननं ती पुस्तकाच्या फाइलमध्ये घातली, तर प्रत्येकाची तळाची पट्टी तेवढी दिसे. मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, आणि शिंगंच गायब.

"मेंढा भादरलास की काय गं?" आपानं पडद्याला नाक लावून विचारलं.

बुरुलसूनच्या मते दोष उघड होता. शहरात राहून मीरिमचा हात बिघडला होता. तिनं तीनदा चित्रं परत पाठवली. मीरिम थोरल्या जावेला एजे, म्हणजे ताई म्हणे. ती फोनवर हळूच म्हणाली, की एजे, माझ्याकडे अख्खी दिसताहेत. बुरुलसूननं ऐकवलं, की पुस्तक माझ्याकडे आहे. आमच्याकडे धाकटी जाऊ थोरलीची चूक काढत नाही, त्यामुळे मीरिम चौथ्यांदा चित्रं काढू लागली. यात बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी सकाळी बुरुलसून दिराला तक्रारीचं खरमरीत पत्र लिहायला बसली. नवं कोरं पान उघडलं, पुरावा म्हणून एक चित्र त्यात चिकटवलं. ते अख्खं उमटलं, दोन्ही शिंगांसकट.

मग तिनं पुस्तकाची फाइल उघडली. कचेरीच्या सवयीनं तिथं तिनं पहिल्याच दिवशी प्रत्येक ओळीची उंची पक्की बांधून टाकली होती, मजकुराची आणि चित्रांचीही. वीतभर चित्राला अक्षराएवढी जागा मिळाली होती. उरलेलं झाकलं जात होतं. तिनं ते बंधन काढलं आणि पानामागून पान शिंगं वर आली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आपाला तिनं हात धरून खुर्चीत बसवलं. आपा मोठं कर, मोठं कर म्हणत राहिली. शेवटी शिंगाच्या एकाच वेढ्यानं पडदा भरला.

"हं, हा माझा," आपा म्हणाली. दुसराही तिनं ओळखला. तिसऱ्याला डोळ्यांना धार लागली आणि तिनं तोंड फिरवलं.

"आपा, चूक माझी होती. मीरिमची नव्हती."

"बारा दिवसांपूर्वी मला शेजारी बसलेली तूसुद्धा दिसत होतीस," आपा म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच बुरुलसूनला सोसवेना. "राहिलेल्या नक्ष्या आता मीरिमलाच तपासू दे. फोन लाव तिला. आणि आधी ते तिला सांग, जे मला सांगितलंस."

बुरुलसूननं फोन लावला. पलीकडून मीरिम घाईघाईनं म्हणाली, "एजे, चौथ्यांदाची झालीच आहेत, आज पाठवते."