आत्याबाईंच्या मांडीवरचं गाठोडं

संशय घ्यायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी चार वर्षांची असताना आईनं मला "दोन दिवस" म्हणून आजोळी धाडलं आणि परत न्यायला आली ती मी सातवी पास झाल्यावर. आजीला सोबत हवी होती, एवढंच कारण. तेव्हापासून कुणी लाडात येऊन "चल, जरा हिंडून येऊ" म्हणालं, की मी आधी त्याच्या हातातली पिशवी बघते.

त्यामुळे एका शनिवारी संध्याकाळी मामंजी, म्हणजे माझे सासरे, आमच्या नगरच्या बिऱ्हाडात आले आणि पाणी पिता पिताच "उद्या आयतवार हाय, पोरांस्नी चांदबिबीचा म्हाल दावू" म्हणाले, तेव्हा मी लगेच सावध झाले. मामंजी काष्टीजवळच्या एका खेड्यातले शेतकरी. हौस म्हणून हा माणूस आयुष्यात मैलभरही चालला नसेल. बैल घ्यायला बाजार आणि शेताच्या कामासाठी श्रीगोंद्याची कचेरी, एवढंच त्यांचं फिरणं. त्यांना अचानक महाल बघावासा का वाटावा?

साल दुष्काळाचं होतं. पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिलेला. गावाकडच्या विहिरीचा तळ दिसत होता, बैल छावणीवर नेऊन बांधले होते. पत्रात मात्र दरवेळी "आमचं बरं चाललं आहे, पोरांना जपा" एवढंच असायचं. ते वाचून आमचे हे निर्धास्त व्हायचे. हे म्हणजे माझे यजमान. संशय नावाची वस्तू यांना देवानं दिलेलीच नाही.

सोबत सासूबाईही आल्या होत्या; त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांच्या काखेत एक गाठोडं होतं, जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात घट्ट बांधलेलं. मी सुनेच्या रीतीनं ते घ्यायला हात पुढे केला, तर त्या चटकन मागे सरल्या. "असू दे, असू दे. जड न्हाई." रात्री ते गाठोडं त्यांनी उशाशी घेतलं. पहाटे मला जाग आली, तर त्या अंघोळ करून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि ओल्या हातानं गाठोड्यात काहीतरी करत होत्या. मी उठून बसले तशी त्यांनी गाठ मारली. आता तुम्हीच सांगा, संशय घेऊ नको तर काय करू?

माझी लेक तेव्हा पाच वर्षांची होती, धाकटा दोनाचा. जूनमध्ये लेकीला शाळेत घालायचं होतं. गावाकडे म्हाताऱ्यांना सोबत म्हणून एखादं नातवंड ठेवून घेणं ही तेव्हा घरोघरची गोष्ट होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वाटलं असेल तर त्या नातवंडाला, आणि त्याला विचारतो कोण. मी मनात गाठ बांधली. हिला मी नेऊ देणार नाही.

रविवारी सकाळी आम्ही पाथर्डी रस्त्याच्या एसटीत बसलो. मामंजींनी नातीला शेजारी घेतलं आणि त्यांची चौकशी सुरू झाली. मी मागच्या बाकावर धाकट्याला मांडीवर घेऊन, कान पुढे लावून बसले होते.

"राती तुझ्या शेजारी कोन निजतं गं?"

"आई. आणि बाळ."

"आन् भाईरच्या खोलीत?"

"कुणीच नाही. तिथं सायकल असते."

मग मान वळवून मला, "सूनबाई, नळाला पानी किती येळ असतं?" मी म्हटलं, सकाळी तासभर. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आन् रेशनच्या कार्डावर नाव चढवायचं, तर गावच्या तलाठ्याचा दाखला लागत आसंल?"

"कुणाचं नाव?" मी विचारलं. माझा आवाज मलाच टोकदार वाटला.

"न्हाई, आपलं असंच इच्यारलं."

असंच! त्या वर्षी रेशनकार्डाबद्दल "असंच" कुणी विचारत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. आमच्या कार्डावरून लेकीचं नाव खोडायचं, त्यांच्या कार्डावर चढवायचं. गाठोड्यात तिच्यासाठी शिवून आणलेली परकर-पोलकी असणार. मामंजींच्या उजव्या हाताला चिंधी गुंडाळली होती. काय झालं विचारलं, तर "बाभळीचा काटा" म्हणाले आणि हात धोतराच्या घोळात घातला. मला तेही खोटंच वाटलं.

महालाचा डोंगर चढायला आम्हाला तास-सव्वा तास लागला. ह्यांनी धाकट्याला खांद्यावर घेतलं होतं. मामंजी मधूनमधून थांबून करपलेल्या रानाकडे बघत आणि पुन्हा चालू लागत. आत्याबाईंनी गाठोडं छातीशी धरलेलं. मी दोनदा म्हटलं, "द्या इकडे, दमाल." दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली.

नगरात सगळे त्याला महाल म्हणतात, पण आहे ते एका सरदाराचं थडगं. उंच कमानींची आठकोनी इमारत, आणि वारा असा की पदर जाग्यावर राहीना. वरून सगळं नगर दिसतं. ह्यांना तर उत्साहाचं भरतं आलं. "चला, आत चला, कबरी बघू, मग वर जाऊ."

आत्याबाई पायरीवरच बसल्या. "मी न्हाई येत. मड्याची जागा ती. आज न्हाई यायची मी आत."

"आजच काय आहे?" मी विचारलं.

"हाय काहीतरी," म्हणाल्या, आणि लेकीचा हात धरून ठेवला. "हिला ऱ्हाऊ दे माझ्याजवळ."

मी आत गेल्यासारखं केलं आणि कमानीच्या आडोशाला थांबले. चोरून बघायची लाज मला त्या दिवशी वाटली नाही, खरं तेच सांगते. आत्याबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, गाठोड्याची गाठ सैल केली आणि लेकीला आत डोकवायला लावलं. दोघींची डोकी जुळली. लेकीचे डोळे मोठे झाले. तिनं दोन्ही हात जुळवले; मला वाटलं, आनंदानं टाळी वाजवतेय. मी तरातरा बाहेर आले. गाठ पुन्हा घट्ट.

"काय दाखवलं गं आजीनं?"

"सांगायचं नाहीये," लेक म्हणाली आणि आजीकडे बघून हसली.

माझी लेक. माझ्यापासून काही लपवण्याची तिची ती पहिली वेळ. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ह्यांनी धाकट्याला घेऊन वरचा मजला गाठला होता. मी कमानीत फडकं पसरलं, रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि चटणी काढली. भाकरी काळपट आणि चिवट. मामंजींनी तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुला एक इच्यारायचं हुतं. त्याला अजून सांगितलं न्हाई. म्हनलं, आदी तुला इच्यारावं. घर तुझं हाय."

म्हणजे बापाच्या माघारी आईला गुंडाळायचं! आत्याबाई खाली मान घालून गाठोड्यावरून हात फिरवत होत्या. मामंजींचा तुकडा अजून हातातच होता. मी त्यांना पुढचं बोलूच दिलं नाही.

"मामंजी, मला कळलंय तुम्ही काय विचारणार ते," मी म्हटलं. "आधीच सांगते, राग मानू नका. चार दिवस कुणीही कुणाकडे यावं, राहावं. पण कायमचं म्हणाल तर मला ते पटत नाही. इथलं माणूस तिकडे नको आणि तिकडचं इथे नको. ज्यानं त्यानं आपापल्या घरी राहावं."

"माझी मुलगी देणार नाही" असं सरळ म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं होतं. म्हणून मी दोन्हीकडचं सारखं बोलले. तिकडचं इथे नको, हे मी निव्वळ रीत म्हणून जोडलं. ही जोड मला मोठी शहाणपणाचीही वाटली होती.

मामंजींनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. "व्हय," ते म्हणाले, "बरोबर हाय तुझं. सोप्पं न्हाई शहरात." आत्याबाईंनी लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि पदरानं तिचं नाक पुसलं. कुणी रागावलं नाही. मी मनात म्हटलं, जिंकले.

डोंगर उतरताना मामंजी ह्यांना म्हणाले, "संध्याकाळच्या गाडीनं जातो आमी." हे म्हणाले, "अहो, आठवडाभर राहणार होतात ना?" तर म्हणे छावणीत बैलांकडे बघायला कुणी नाही. मी आग्रह केला, पण ज्या आग्रहात पाव्हण्याला थांबता येईल असा तो नव्हता. स्टेशनवर मी लेकीचं मनगट पकडून उभी होते, गाडी हलेपर्यंत. खिडकीतून आत्याबाई हात हलवत होत्या. दुसरा हात गाठोड्यावर होता.

परतताना टांग्यात लेक रडवेली झाली. "आजीनं देव परत का नेले?"

"कुठले देव?"

"गाठोड्यातले. चांदीचे आहेत, छोटे छोटे. मला नमस्कार करायला लावला. आजी म्हणाली, आबा आज आईला विचारणार आहेत. आई हो म्हणाली, की देव आपल्या फळीवर ठेवायचे आणि आजी-आबा पाऊस पडेपर्यंत इथंच राहणार. सायकलच्या खोलीत. पण तोवर सांगायचं नाही म्हणाली."

हे माझ्याकडे बघत होते. मी टांग्याच्या दांड्याला धरून बसले होते. आत्याबाईंच्या देव्हाऱ्यातले टाक, त्यांच्या सासूनं त्यांच्या ओटीत घातलेले, चाळीस वर्षांत घराबाहेर निघाले नव्हते. देवांना पाण्यावाचून ठेवून घराला कुलूप लावता येत नाही, म्हणून त्यांनी ते बरोबर आणले होते. सुनेच्या घरात तिला विचारल्याशिवाय मांडायचे नाहीत, म्हणून पहाटे भिंतीकडे तोंड करून चोरून पूजा केली होती. देव मांडीवर असताना थडग्यात जायचं नाही, म्हणून त्या पायरीवर बसल्या होत्या. आणि मी कमानीआड उभी राहून पहारा करत होते. मला स्वतःची इतकी शिसारी त्यापूर्वी कधी आली नव्हती.

पुढच्या रविवारी मी एकटीच पॅसेंजरनं काष्टीला उतरले आणि तिथून चालत गेले. मामंजी घरी नव्हते. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते, आणि महिन्याभरापासून जात होते. हातावरची ती चिंधी बाभळीच्या काट्याची नव्हती.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात टाक जागच्या जागी बसलेले, कुंकू ताजं. मी त्यांच्या पायाशीच बसले. सगळं सांगितलं, आजोळपासून. मी लेकीसाठी घाबरले होते, तुम्हाला नको म्हटलं नव्हतं. म्हटलं, आत्याबाई, चला. आजच चला. देव घ्या, मामंजींना मी कामावरून घेऊन येते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चुलीत एक काटकी सारली. त्यांना माझं खरं वाटलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण एकदा गाठोड्यात बांधलेलं घर त्यांनी परत मांडलं होतं.

"अगं, ऱ्हायाला कुटं आल्तो आमी," त्या म्हणाल्या. "पोरांबरुबर देवांना बी जरा हिंडवून आनलं. त्यांनी तरी कवा पाह्यलं हुतं नगर?"

मी रडत होते. त्यांनी माझ्यापुढे ताटली सरकवली आणि उठून देव्हाऱ्यासमोरची समई सारखी केली.

"लई आवडलं त्यास्नी," त्या म्हणाल्या.