मावा जपणारा साहेब

सख्ख्या भावाला कुणी जपणार नाही इतकं किड्याला जपणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच बघितला. नव्वदनंतरची गोष्ट. शेतकी कॉलेजातले हे साहेब निरवांगीला आमच्या पडवीत दोन हिवाळे राहिले. करडईवरचा मावा म्हणजे आमचा वैरी. साहेब त्याच्यावर छत्री धरून उकिडवे बसायचे, स्वतः उन्हात. रबरी नळीनं तोंडानं ओढून एकेक किडा बाटलीत घ्यायचे. एकदा शिंक आली नि हातातली उघडी बाटली करडईत सांडली. "जाऊ द्या तात्या, त्यांचीही जेवायची वेळ झाली होती," म्हणाले.

माव्याच्या पोटात म्हणे डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात, त्याच्या अडीअडचणीला उपयोगी पडतात. करडईच्या काळ्या माव्यातले जंतू बांधावरच्या रुईच्या पिवळ्या माव्यात जातात का, हे साहेबांना बघायचं होतं. संशय एका डासाहून बारीक गांधीलमाशीवर. अंडी घालायला ती या माव्याला सुई टोचते, तीच सुई मग त्या माव्याला. मला काय कळंना. आमच्या मंडळीला लगेच कळलं. "अवं, शेजारणीकडनं विरजण आणतो तसं. चमचा तेवढा त्या माशीचा."

साहेबांनी वही काढून ते लिहून घेतलं. "वहिनी, माझ्या विद्यार्थ्यांना हे शिकवायला मला महिना लागतो."

बांधाकडच्या चार ओळींवर औषध मारायचं नाही, असा शब्द तिनं त्यांना दिला.

दुसऱ्या वर्षी पुण्याहून त्यांचे वरचे साहेब ते काम बघायला यायचे ठरले. हिनं अंगण सारवलं, मी रानात गेलो. चार ओळी माव्यानं काळ्या, चिकट. पाहुणे येणार आणि आपल्या रानात ही घाण? साहेबांची लाज जायला नको म्हणून मी पंप पाठीवर घेतला. ओळी फवारल्या, रुईसुद्धा धुऊन काढली.

सकाळी साहेब ओळीत वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. पाहुण्यांपुढं माझं नाव घेतलं नाही. "हवेनं घोटाळा केला," एवढंच म्हणाले. ही मला म्हणाली, "शब्द माझा हुता." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठवड्यात साहेब गेले. "साहेबांना चुकलं म्हणून पत्र टाका की," ही दर दिवाळीला म्हणायची. "टाकतो गं, काय पळून चाललेत व्हय?" मी म्हणायचो. गेल्या साली तीच गेली. आता लिहायला बसलोय. त्यांच्या पत्त्याचा कागद तिनं जपून ठेवला होता. कुठं, ते मी कधी विचारलं नाही.