बरणीतला विस्तव

नाना कुठलीही वस्तू आधी ठोकून पाहत. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायचं, त्याच्या पेरानं दोनदा ठोकायचं आणि मान डावीकडे कलती करून ऐकायचं. कलिंगड, माठ, नारळ यांचं एक वेळ समजू शकतं. पण नाना गादी ठोकत, छत्री ठोकत, फुकट मिळालेलं कॅलेंडरसुद्धा खिळ्याला अडकवण्याआधी ठोकत. मी नवी गाडी घेतली तेव्हा आमच्या जळगावच्या कॉलनीतले सगळे तिच्यात बसून पाहत होते. नानांनी बाहेरूनच चारही दारं ठोकली आणि म्हणाले, “मागलं डावं जरासं नाराज शे.” ते दार आजही उत्तम चालतं, पण उघडताना मला उगीचच त्याची समजूत काढावीशी वाटते.

त्यांच्या लेकीचं लग्न जमत होतं तेव्हाची गोष्ट तर कॉलनीत अजून सांगतात. मुलगा पाया पडायला वाकला. नानांनी आशीर्वादाचा हात पाठीवर ठेवला आणि सवयीनं दोनदा ठोकलं. पाहुण्यांचे चहाचे कप हातातच राहिले. नाना थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “भरीव शे.” लग्न जमलं, चांगलं चाललंय, फक्त जावई सासऱ्यांच्या पाया पडताना पाठ जरा आक्रसून घेत.

“ठोकीसन देखो, भाऊ, माल सोता बोलस,” असं ते मला सांगत. माल बोलला तरी नानांचा निर्णय मात्र होत नसे. शिंदखेड्याकडचं त्यांचं गाव सोडून आयुष्य झालं, पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झाले, तरी बोली गावाकडचीच राहिली, आणि त्या बोलीतलं त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य होतं, “बठ्ठं बराबर शे, पन…” सगळं बरोबर आहे, पण. पुढचं वाक्य कधी कोणी ऐकलं नाही. त्या ‘पन’मध्ये त्यांच्या घरातला फ्रिज एक अख्खा उन्हाळा अडकून पडला होता, आणि जळगावचा उन्हाळा म्हणजे काय ते मी सांगायला नको.

एकाच बाबतीत त्यांना ‘पन’ लागत नसे, ते म्हणजे भरीत. थंडी पडली की बामणोदची हिरवी, लांबट वांगी यायची. आमच्या घरांमधल्या मोकळ्या प्लॉटवर नाना पऱ्हाटी रचायचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. जाळ धरला की पलीकडे बसायच्या माई, त्यांची बायको. वांगी फिरवायची माईंनी आणि शिजलं की नाही ते ठोकून सांगायचं नानांनी. जळतं वांगं बोटाच्या पेरानं ठोकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माई भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, बोलणं अगदी स्वच्छ. त्या म्हणत, “बोट भाजून घ्या आधी, मग वांगं.” मग लाकडी काठवटीत मिरची-लसणाबरोबर ठेचणं, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, आणि सगळी कॉलनी धुरानं डोळे चोळत जेवायला बसलेली.

मग माईंना दम्यानं धरलं. डॉक्टरांनी सांगितलं, धुराजवळ जायचं नाही. त्या थंडीत नानांनी पऱ्हाटी पेटवली आणि माई घराच्या बंद काचेआड उभ्या राहून बोटानं खुणा करत होत्या: ते फिरवा, हे जळतंय. नाना वांगं उचलून काचेला दाखवत. अर्धी वांगी कच्ची, अर्धी कोळसा. पुढच्या थंडीत त्यांनी जाळच केला नाही. हॉटेलातलं भरीत आणलं, एक घास खाल्ला आणि म्हणाले, “हाई भरीत नही, वांगानं सरकारी काम शे.” आम्ही हसलो. ते हसले नाहीत. जाळापाशी माई नसतील तर त्यांना जाळ नको होता, एवढी ती साधी गोष्ट होती.

अशा वेळी पुण्याहून लेकीनं फोटो पाठवला. हिरवीगार, अंड्याच्या आकाराची, कमरेएवढी शेगडी. आत कोळसा पेटवायचा, वरून बिजागरीचं झाकण लावायचं, धूर जवळजवळ नाही. कॉलनीत बातमी पसरली की नाना अंडी शिजवायचं मोठं अंडं आणताहेत, आणि समोरच्या माळकरी आबांनी त्यांच्याकडचा चहा बंद केला. नानांची अडचण वेगळीच होती.

“कशानी शे ती?” त्यांनी मला विचारलं.

“सिरॅमिकची,” मी म्हणालो.

“म्हंजे?”

“चिनी माती, नाना.”

नाना मटकन खाली बसले. “चिनी मातीनी तर बरनी व्हस! बरनीमा लोनचं घालतस, भाऊ. आग कोन घालस?”

पुढचा महिनाभर आमच्या कॉलनीत हा एकच प्रश्न होता. बरणीत विस्तव ठेवावा का? कोणी म्हणालं, तडकेल. कोणी म्हणालं, चालेल, पण मग तिच्यात पुन्हा लोणचं घालता येणार नाही. माळकरी आबांनी अबोला सोडून मुद्दाम येऊन सांगितलं की बरणीला ओला हात लागलेला चालत नाही, तर आग कशी चालेल? नाना घरातल्या आंब्याच्या लोणच्याच्या बरणीला रोज एकदा ठोकून यायचे, जणू तिचंही मत घेत होते.

शेवटी मी त्यांना गाडीत घालून धुळ्याला नेलं. हायवेवर बंगल्यांच्या बागांचं सामान विकणारं एक दुकान होतं, तिथे ती शेगडी होती. विक्रेता तापमानाचा काटा दाखवत होता, जाळी दाखवत होता. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि ठोकलं. झाकण, पोट, बूड. मग मान कलती. विक्रेत्यालाही का कोण जाणे, आपली मान कलती करावी लागली.

“काय म्हणतेय?” मी विचारलं.

“बठ्ठं बराबर शे,” नाना म्हणाले, “पन…”

आम्ही परत आलो. पुढच्या खेपेला नानांनी पिशवीतून वांगं नेलं, जाळीवर ठेवलं, झाकण लावलं, उघडलं आणि वांगं पिशवीत घालून परत आणलं. तिसऱ्या खेपेला माई आल्या. नाना ठोकत असताना त्या खुर्चीवर बसून दम खात होत्या, चार पायऱ्यांनीच त्यांना धाप लागली होती. मग उठल्या, हातातली पाटली झाकणावर एकदा वाजवली आणि म्हणाल्या, “घ्यायची तर घ्या, नाहीतर चला. मला काचेमागे उभं राहायचा कंटाळा आलाय.”

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खिशातून पाकीट काढलं. पन म्हणायचं राहूनच गेलं.

शेगडी घरी आली त्या दिवशी तिला हळदीकुंकू वाहिलं. आबा नारळ घेऊन आले आणि झाकणावरच फोडायला निघाले. “आबा, बरनी शे ती,” म्हणत नानांनी त्यांचा हात वरच्या वर धरला. विक्रेत्यानं बजावलं होतं की फक्त कोळसा. पण कपाशीच्या जाळाशिवाय भरीत म्हणजे नानांच्या हिशेबी अधर्म. त्यांनी पऱ्हाटीचे बोटाएवढे तुकडे करून शेगडी गच्च भरली, पेटवली, वांगी ठेवली आणि झाकण लावलं. खरोखर धूर कोंडला. माई पुन्हा जाळापाशी खुर्ची टाकून बसल्या. आम्ही सगळे भोवती उभे, एका बंद बरणीकडे बघत.

आणि तिथेच घोटाळा झाला. वांगं ठोकायचं तर झाकण उघडायला हवं. नानांना काही राहवेना.

“जरा थांबा,” माई म्हणाल्या.

नानांनी एका झटक्यात झाकण उघडलं. कोंडलेल्या आगीला हवा मिळाली आणि भक्कन जाळ वर आला. जाळ गेला तेव्हा नाना होते तिथेच होते, पण डाव्या बाजूची मिशी नव्हती. वांग्याआधी मिशीचं भरीत झालं होतं.

मग माई हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आम्ही सगळे घाबरून त्यांच्याकडे बघत होतो, कारण हसू म्हटलं की मागोमाग खोकला ठरलेला. पुण्याहून आलेल्या लेकीनं दम्याचा पंप हातात धरून ठेवला होता. खोकला आला नाही. माई हसतच राहिल्या, आणि नाना अर्ध्या मिशीनिशी उभे राहून, मान डावीकडे कलती करून ते हसणं ऐकत होते.

“बठ्ठं बराबर शे,” ते म्हणाले.

आम्ही वाट पाहिली. त्या दिवशी पुढे ‘पन’ आलंच नाही.

त्यानंतर नाना झाकण उघडण्याआधी त्यावर दोनदा ठोकायचे, मग बोटभर फट करून थांबायचे. “आगले सांगीसन उघडानं,” म्हणायचे, आगीला सांगून उघडायचं. कोणाच्या दारात आपण न ठोकता शिरतो का? असं करत त्यांनी पुढच्या काही हिवाळ्यांत आम्हाला भरपूर भरीत खाऊ घातलं. माई दर वेळी खुर्चीत, जाळापाशी. दुखणं माईंचं होतं म्हणून आम्ही सगळे त्यांच्याचकडे लक्ष ठेवून होतो. गेले मात्र नाना, पावसाळ्यात, दुपारी झोपेत, कोणाला काही न सांगता. मला त्यांची फार आठवण येते. बाजारात कलिंगड घेताना बोट आपोआप वाकतं, आणि ऐकू काहीच येत नाही.

या थंडीत वाटलं होतं, शेगडी कोपऱ्यात पडून राहील. पण बामणोदची वांगी आली त्या दिवशी माईंनी निरोप पाठवला. मी पऱ्हाटीचे तुकडे केले, आबांनी पेटवलं. माई खुर्चीत बसल्या होत्या. वेळ झाली तशा उठल्या, मधलं बोट वाकवून झाकणावर दोनदा ठोकलं आणि मान डावीकडे कलती केली.

“काय म्हणतेय, माई?” मी विचारलं.

उभा जन्म त्या माणसाबरोबर काढून माईंच्या तोंडी त्याची बोली कधी आली नव्हती.

“बठ्ठं बराबर शे,” माई म्हणाल्या, “पन…”

आणि त्यांनी बोटभर फट करून झाकण धरून ठेवलं.