तक्त्याच्या तळाची ओळ

नवा जिल्हा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्याकडून आमच्या कार्यालयाला नऊ कपाटं मिळाली आणि पाच किल्ल्या. उरलेली चार कपाटं वर्षभर उघडली नाहीत आणि कुणाचं काही अडलं नाही. आत काय होतं ते मला अजून माहीत नाही. कार्यालय कोणतं ते लिहीत नाही. अशी कार्यालयं एकमेकांसारखीच असतात.

मी मुखेडचा. नांदेडला आरोग्य खात्यात आकड्यांच्या टेबलावर काही वर्षं काढून इकडे आलो, सांख्यिकी सहायक म्हणून. लातूरला एक खोली घेतली आणि कामाला लागलो. त्या वर्षी आमच्या भागात दोन गोष्टींची लयलूट होती: कोनशिला आणि कोरड्या विहिरी. पाहुणे यायच्या आधी कोनशिला ओल्या फडक्याने पुसून घेत, कारण धुवायला पाणी नव्हतं.

आमचे साहेब पुण्याकडून आलेले, डॉक्टर, वाचणारे. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली एकाही मंत्र्याचा फोटो नव्हता. मी त्यांच्यावर भाळलो तो त्यामुळेच. दर शनिवारी ते मला एक पुस्तक देत आणि पुढच्या शनिवारी त्यावर बोलत. त्या कार्यालयात माझ्याशी पुस्तकाबद्दल बोलणारा दुसरा माणूस नव्हता.

एके दिवशी त्यांनी मला बोलावलं. "उपकेंद्रातली नर्स महिन्याला अकरा नोंदवह्या भरते," ते म्हणाले, "आणि वाचतं कोण? तुम्ही मला एक पान करून द्या. एकच. त्या पानावर गावाचा ताप दिसला पाहिजे. नवा जिल्हा आहे, सवयी अजून लागायच्या आहेत."

सवयी कपाटांबरोबरच आल्या होत्या, पण ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

तक्ता करण्याआधी आकडा जन्माला कुठे येतो ते बघावं म्हणून मी उपकेंद्रं फिरलो. त्यातलं एक एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून तासभराच्या चालीवर होतं. दोन खोल्या, एका भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली लसींचा डबा. तिथली नर्स तिशीतली. वडील मुदखेडला रेल्वेत गँगमन होते आणि आपल्या वस्तीतली पहिली सरकारी नोकरीवाली बाई आपणच, हे तिने पाणी देता देताच सांगितलं. मी मुखेडचा, म्हणजे तिच्याच नांदेड जिल्ह्यातला, म्हटल्यावर तिचा आवाज बदलला.

"मंग साहेब कशाला म्हणू? भाऊच म्हणते. बसा."

मी विचारलं, महिन्याचा अहवाल कसा भरता?

"कसा म्हंजे? मागल्या महिन्याचा काढायचा, समोर ठिवायचा. जुलाबाचे रोगी दोन वर नाहीतर दोन खाली."

"आणि खरे किती होते?"

ती हसली. "भाऊ, आकडा एकदम वाढला की विचारतेत, कामून वाढला. एकदम घटला की विचारतेत, हिंडत न्हाईस का. दोन वर, दोन खाली केलं की कुणी विचारत न्हाई. मला हे आधीच्या बाईनं शिकवलं, तिला तिच्या आधीच्या बाईनं. आन् आपला महिना पंचवीस तारखेला संपतो. पुढच्या पाच दिवसांत माणसं आजारी पडत न्हाईत का?"

मग तिने तसबिरीमागून एक शाळकरी वही काढली. त्यात खरी नोंद होती. गावातलं प्रत्येक घर, कुणाला कधी जुलाब लागले, कोण कुठल्या पाण्यावर होतं. चार उभ्या रेघा आणि एक आडवी, अशा पानामागून पानं.

"ही कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मला तर ठाऊक पायजे."

माझं पान तिथे आधीच तयार होतं. मला फक्त त्याची नक्कल करायची होती. मी तिला म्हटलं, नव्या तक्त्यात हेच भरायचं.

"आन् विचारलं तर?"

"नाही विचारणार."

"तुमी न्हाई विचारणार. वरचे?" तिने वही मिटली. "लेखी देता का, भाऊ?"

परत येऊन मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिचं बरोबर आहे. तक्त्याच्या तळाशी लिहा: या माहितीच्या आधारे कोणत्याही कर्मचाऱ्यावर कारवाई केली जाणार नाही. खाली माझी सही घेऊ."

ती ओळ मी स्टेन्सिलवर स्वतःच्या अक्षरात कापली. सभेत सगळ्या नर्सबायांपुढे साहेबांनी ती दोनदा वाचली. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून ती माझ्याकडे बघत होती. टाळ्या वाजवत नव्हती, तक्त्याची घडी घालत होती.

उन्हाळा लागला तसा तिच्या गावाची विहीर तळाला गेली. बाया नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरत, आणि त्याच वाळूत गुरंही बसत. पंचवीस तारखेला तिचा तक्ता आला. जुलाबाच्या रकान्यातल्या रेघा मावल्या नव्हत्या, म्हणून तिने पान उलटून मागे लिहिलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: पाणी. खाली दोन ओळी. टँकर द्या. ब्लीचिंग पावडर संपली.

बाकीच्या सगळ्या उपकेंद्रांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि दोन वर, दोन खाली लिहिलं होतं.

मी आनंदलो, हे आज लिहायला लाज वाटते. गावात माणसं आडवी पडली होती आणि मी आनंदलो, कारण माझं पान चाललं होतं. मी तक्ता घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनीही पाठ थोपटली आणि त्याच दिवशी टँकर लावायला लावला. एवढ्यावर थांबलं असतं तर मी या खात्याबद्दल आयुष्यभर चांगलं बोलत राहिलो असतो.

पण पुढच्या आठवड्यात मुंबईहून पाहुणे येणार असं कळलं. नव्या जिल्ह्याची प्रगती बघायला. सभागृहाच्या भिंतीवर आलेख लावायचं ठरलं. प्रत्येक उपकेंद्राचा एक रंगीत खांब. मी खांब रंगवले. सगळे बोटभर, आणि एक खांब कागद सोडून वर निघालेला. त्याला वरून आणखी एक कागद चिकटवावा लागला.

पाहुण्यांनी भाषण केलं, नारळ घेतला, शाल घेतली, आणि निघता निघता त्या खांबापुढे थांबले.

"ही बाई काय झोपली होती का?"

साहेब पाहुण्यांच्या शेजारी होते. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्यांनी नुसतं म्हणायचं होतं, ही एकटीच जागी होती. ते म्हणाले, "चौकशी करतो, सर."

नोटीस दुसऱ्या दिवशी निघाली. साथ वेळीच आटोक्यात का आणली नाही, याची कारणे दाखवा. पुरावा म्हणून तिच्याच तक्त्याची टाइप केलेली प्रत जोडायची होती. टायपिस्टने ती माझ्यापुढे ठेवली. तळाची ओळ नव्हती.

मी प्रत घेऊन आत गेलो. "साहेब, खालची ओळ राहिली."

"ती सूचना आहे हो, माहिती नाही," ते फाइलमधून वर न बघता म्हणाले. "प्रतीत फक्त माहिती घेतात."

"पण आपण शब्द दिला होता."

तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "दिला होता. मलाही वाईट वाटतं. पण कुणाला तरी विचारल्याचं दिसायला नको का? सही करा. आणि हो, या शनिवारी पुस्तक न्यायला विसरू नका."

मी 'सत्यप्रत' असा शिक्का मारला आणि खाली सही केली. मला कुणी धमकावलं नव्हतं. शाई वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मी विचार केला नाही.

ती चार दिवसांनी आली. पिशवीतून तिच्याकडची कार्बन प्रत काढून तिने माझ्या टेबलावर पसरली आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"भाऊ, हे तुमचंच अक्षर हाय नव्हं?"

"हो."

मग तिने नोटीस काढली, सत्यप्रतीखालच्या सहीवर बोट ठेवलं. "आन् हे?"

मी काहीतरी बोलत राहिलो. साहेबांशी बोलतो, लेखी उत्तर द्या, मी मसुदा करून देतो. तिने दोन्ही कागद नीट घडीवर घडी घालून पिशवीत ठेवले.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," ती म्हणाली. "मी लिहिते माझं."

तो 'साहेब' समोरच्या टेबलावरच्या कारकुनालाही ऐकू गेला. त्याने मान खाली घातली.

तिची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. तिच्या जागी दोन महिने कुणी गेलं नाही, त्यामुळे तिथून तक्ताच आला नाही आणि आलेखावरचा खांब नाहीसा झाला. खांब नाही म्हणजे साथ नाही, म्हणून टँकर बंद झाला. वाळूतले झिरे चालूच होते. शनिवारची पुस्तकं मी घेणं थांबवलं. साहेबांनी एकदाही कारण विचारलं नाही. तक्ता मात्र पुढे इतर जिल्ह्यांनीही घेतला. नव्या छपाईत तळाची ओळ जागेअभावी गाळली होती.

नव्या जागेवरून तिचा पहिला तक्ता पंचवीस तारखेला वेळेवर आला. अक्षर तेच, रेघा सरळ. मी त्या उपकेंद्राचा मागच्या महिन्याचा तक्ता काढून शेजारी ठेवला. जुलाबाचे रोगी दोन वर. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: निरंक.

मी आकडा आलेखावर चढवला. खांब बोटभर आला.