आधी समोरच्याचं म्हणणं

आमच्या ह्यांना अख्खं येडशी गुरुजी म्हणतं. नाव आण्णासाहेब. जल्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, रिटायर झाले, आन मग उरलेलं सगळं शिकवणं माझ्या डोक्यावर. मी सारजाबाई, त्यांची बायको. त्यांचं म्या न्हाय सांगायचं तर कुणी सांगायचं?

माणूस वाईट न्हाय. पण भांडायलासुद्धा नियम! म्हणं, जुन्या काळी पंडित भरल्या सभेत वाद घालायचे, एकीकडं बौद्ध भिक्षू, दुसरीकडं न्यायशास्त्रवाले, म्हंजे तर्काचे पंडित. त्यांचे ते नियम ह्यांनी आमच्या घरात आणून ठेवले. पहिला नियम असा, की आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं. तेबी असं मांडायचं, की त्यानं मान हलवून "व्हय, हेच माझं म्हणणं" असं कबूल केलं पायजे. मगच आपलं उत्तर. नवीन लग्न झालेलं तवा म्या एकदा चिडून म्हणलं, "तुमच्या आईला माझ्या हातचं काहीच गोड लागत न्हाय." तर हे मांडी घालून समोर बसले. "म्हणजे सारजा, तुझं म्हणणं असं, की..." आगं बाई! म्या पीठ परातीत तसंच टाकलं आन शेजारणीकडं जाऊन बसले. बाईमाणसाला रडायचं असतं तवा तिला तिचंच म्हणणं कशाला ऐकवायचं?

त्यांना ह्या येडात जोडीदार घावला गुरुलिंगअप्पा. अप्पांचं किराणा दुकान, पण ते पोराच्या हवाली केलेलं. दिवेलागणीला आमच्या पडवीत हजर. संगं त्यांची बायको शांताक्का, माहेर आळंदकडचं, बोलण्यात अजून कानडी हेल. आमी दोघी शेंगा फोडत बसायचो आन ह्या दोघांचं एकच दळण चालायचं: माणसाच्या आत 'मी' म्हणणारा कुणी हाय का न्हाय? न्यायवाले म्हणतात हाय, बौद्ध म्हणतात न्हाय. बरं, आपापली बाजू धरून तरी बसावं! तर न्हाय. आठवडी बाजार झाला की बाजू बदलायची. काल 'हाय' म्हणून बोंबलणारा आज 'न्हाय' म्हणून बोंबलणार. रामलिंगच्या देवळातली माकडं आमच्या पत्र्यावर येऊन बसायची, मी म्हणायची, बसा बाबांनो, तुमचेच भाऊ हायत खाली.

अप्पांकडं 'हाय'ची बाजू आली की चिंच ठरलेली. "गुरुजी, चिंच बघितली डोळ्यानं. मग पाणी जिभेला का सुटतं? डोळ्याचं जिभेला सांगणारा आत कुणीतरी बसलाय का न्हाय?" शांताक्का हसायची. "ह्यांना चिंचेबिगर काय बी येत न्हाय." मग आमचे हे म्हणायचे, "गाडीची चाकं काढ, जू काढ, साटा काढ. आता दाखव बरं, गाडी कुठं आहे? 'मी'चंही तसंच."

गेल्या माघातली गोष्ट. 'न्हाय'ची बाजू ह्यांच्याकडं होती. त्या संध्याकाळी काय संचारलं कुणास ठाऊक, असं धारदार बोलले की अप्पांची चिंचबिंच सगळी वाहून गेली. आत कुणी न्हाय, कधी नव्हतं, दिव्याच्या ज्योतीसारखं सारखं नवं नवं, विझलं की विझलं. अप्पांनी हसत हसत चप्पल घातली. "आज तुम्ही जिंकलात, गुरुजी. उद्या देतो उत्तर."

पहाटं अप्पा झोपेतच गेले.

हे मातीला जाऊन आले आन भिंतीकडं तोंड करून पडले. जेवाय उठंनात. मी लई रागं भरले, तर एवढंच म्हणाले, "सारजा, कालच्याला मला जिंकायची काय गरज होती गं?" ह्यांचे डोळे म्या लग्नापासून कधी भरलेले बघितले नव्हते.

पंधराएक दिवसांनी आमी शांताक्काकडं गेलो. ती पदर सावरून समोर बसली. "गुरुजी, एवढी वर्सं बोललात. आता खरं सांगा, ते हायत का कुठं?" तिनं परत इचारलं. तिसऱ्यांदा इचारलं, तवा हे खाली बघून म्हणाले, "अक्का, मला दोन्ही बाजू येतात. म्हणून मला काहीच येत नाही."

तिचं तोंड बघवंना. वाटेत म्या ह्यांना सोडलं न्हाय. "हाय म्हणाय जीभ झडली होती का? बाईला तेवढाच आधार!"

"वादात खोटं बोलता येत नाही, सारजा."

"वाद कसला डोंबलाचा? तिचा नवरा गेलाय!"

हे झपाझपा पुढं चालाय लागले.

मग एका बाजाराच्या दिवशी शांताक्का आमच्या पडवीत आली. दिवेलागणीलाच. माझ्याजवळ न्हाय बसली. अप्पांच्या जागंवर बसली, ह्यांच्या समोर.

"गुरुजी, आज बाजार झाला. बाजू बदलायची. 'न्हाय' माझ्याकडं. मी म्हणते, ते कुठंच न्हाईत. तुमी 'हाय' म्हणायचं." तिचा आवाज चिरकला. "चिंचेचं सांगा, न्हायतर दुसरं काय बी सांगा. पर मला हरवा."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. म्या मनात म्हणलं, जिंका वो, आज तरी जिंका.

हे सरळ बसले. त्यांना नियम सोडून बोलाय कुठं येतंय? "अक्का, तुमचं म्हणणं असं, की गुरुलिंग..." थांबले. "गुरुलिंग आता नाही. दुकानात नाही, ह्या पडवीत नाही. कुठंच नाही. तो परत यायचा नाही." शेवटचं तर ओठातच राहिलं. मग तिच्याकडं बघितलं. आता तिनं फकस्त "व्हय, हेच माझं म्हणणं" म्हणायचं होतं, की ह्यांचं उत्तर सुरू.

शांताक्कानं तोंड उघडलं. मिटलं. पदराचा बोळा तोंडात धरला.

"म्हण की गं बाई," म्या म्हणलं, "एकदा व्हय म्हण, म्हंजे हे पुढचं बोलतील."

"जमंना गं, सारजाबाई," ती म्हणाली. "मला तेवढं म्हणाय जमंना."

तिनं कबूलच केलं न्हाय, मग ह्यांनी उत्तर तरी कशाचं द्यायचं? चिंचेचं सांगायचं राहूनच गेलं.