आधी स्टेशन सांगा

नंदुरबार स्टेशनाबाहेर रिक्षा उभ्या राहतात, त्यांच्या मागच्या गल्लीत शकीलभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. बापजाद्यांपासून रुई पिंजायचा धंदा. आता पिंजायला यंत्र आलं, पण खोळीत रुई भरून टाके घालायचं काम शकीलभाई अजून स्वतःच्या हातांनी करतात, आणि ते करता करता प्लॅटफॉर्मवरची घोषणा कान देऊन ऐकतात. गाडी लेट झाली की प्रवाशांपेक्षा यांनाच जास्त राग येतो. जायचं कुठेच नसतं, तरी राग येतो!

या माणसाचा एक नियम होता. मुलगी द्यायची ती रेल्वे स्टेशन असलेल्या गावातच. नुसतं स्टेशन चालणार नाही, गाड्या थांबल्या पाहिजेत. अर्शियासाठी स्थळं यायला लागली तेव्हा समोरचा मुलाचं शिक्षण, नोकरी, घरदार सांगायला तोंड उघडायचा आणि शकीलभाई हात वर करून त्याला थांबवायचे. "ते राहू द्या. आधी स्टेशन सांगा." मग गाड्या किती, प्लॅटफॉर्म किती, पॅसेंजर थांबते की नाही. मुलगा काय करतो हा प्रश्न पाचवा. तिथपर्यंत फार थोडी माणसं पोचली.

आणि नेमकं शहाद्याचं स्थळ आलं. मुलगा तौहिद, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला. अर्शियाच्याच कॉलेजातला. तीन वर्षं रोज शहाद्याहून एसटीने नंदुरबारला यायचा आणि पहिल्या तासाला हजर असायचा. अर्शियाला त्याच्याशीच लग्न करायचं होतं. हे तिने अम्मीला, म्हणजे अतिकाला, स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाशी करणार नाही, हेही सांगितलं होतं. पोरगी शाळेत भूगोल शिकवते, उगाच काही बोलत नाही.

तौहिदचे वडील पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. बिचारे चांगली इस्त्री करून आले होते.

"स्टेशन कोणतं?" शकीलभाईंनी विचारलं.

ते गोंधळले. "शहाद्याला स्टेशन नाही हो. पण बसस्टँड मोठं आहे."

शकीलभाईंना राग आला की ते अहिराणीवर येतात. "मोठं शे ते मी काय करू? तठे गाडी येस का? नही येस! मग मन्ही पोर तठे कशी देऊ?"

पेढे परत गेले. अर्शियाने त्या दिवशी बापाला चहा दिला नाही.

या नियमामागे कारण होतं, आणि ते शकीलभाई गिऱ्हाइकालासुद्धा सांगायचे. त्यांची थोरली बहीण शहाबानो अक्कलकुव्याला दिली होती. पस्तीस वर्षं झाली. अक्कलकुव्याला रेल्वे नाही. "गाडी असती ना, तर दर जुम्म्याला आपाकडे गेलो असतो," असं म्हणून ते उशीच्या कापडाने डोळे पुसायचे. पस्तीस वर्षांत किती वेळा गेलात, असं कुणी विचारलं तर चार बोटं दाखवायचे. आपल्या लेकीचं असं होऊ द्यायचं नाही, ही त्यांच्या जिवाला लागलेली गोष्ट होती. त्यात खोटं काही नव्हतं. माणूस खरंच रडायचा.

महिनाभराने अतिकाचा भाऊ अरबाज सुरतेहून आला, एक फोटो घेऊन. मुलगा अमेरिकेत, ह्यूस्टन नावाच्या शहरात, कॉम्प्युटरवर कामाला.

"स्टेशन आहे ना?" शकीलभाई म्हणाले.

"अहो दाजी, अमेरिका आहे ती! तिथे काय कमी?"

शकीलभाईंनी हिशेब केला. नंदुरबारसारख्या गावात दिवसाला वीसेक गाड्या थांबतात, तर अमेरिकेत दोनशे तरी थांबत असतील. चेहरा उजळला. "मग बोलणी करा," ते म्हणाले.

अतिका स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आणि अमेरिकेपर्यंत कोणत्या गाडीने जाणार, अर्शियाचे अब्बा?"

"तिथपर्यंत विमान. मी विमानातून उतरल्यावर पुढचं म्हणतोय."

घ्या! अतिकाने कपाळाला हात लावला. अर्शिया मात्र उठून बापाशेजारी गादीवर येऊन बसली आणि मोबाईल पुढे धरला. "बघा अब्बा, तुमचं ह्यूस्टन. बावीस-तेवीस लाख वस्ती. लांब जाणारी प्रवासी गाडी किती वेळा येते, वाचा."

शकीलभाईंनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आठवड्यातून तीन दिवस? अगं, दिवसातून म्हणायचं असेल त्यांना."

"आठवड्यातूनच."

"रूळ नाहीत का त्यांच्याकडे?"

"रूळ जगात सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच आहेत. पण त्यांच्यावर गहू, कोळसा, मोटारी धावतात. रूळ मालगाडीच्या कंपन्यांचे. प्रवासी गाडी तिथे भाडेकरू आहे, मालकाची गाडी निघाली की हिने बाजूला उभं राहायचं."

"आणि माणसं?"

"माणसं गेली मोटारीत बसून. सरकारने रुंद रस्ते केले, लोकांनी इतकी लांब लांब घरं बांधली, की आता स्टेशनात जायलाही मोटार लागते. फारच लांब जायचं तर विमान आहे."

शकीलभाईंना हा धक्का जबर बसला. एवढा मोठा देश, आणि पॅसेंजर नाही! हातातली सुई तशीच राहिली. मग त्यांनी मुलीला एकेक देश विचारायला सुरुवात केली, जणू तिथून स्थळ येऊन बसलंय. युरोप? तिथे शहरं जवळ जवळ, दोन-तीन तासांवर, विमानतळावरच्या रांगेत उभं राहीपर्यंत गाडी मुक्कामाला पोचते, आणि तोटा झाला तर सरकार सोसतं. "चांगली माणसं," शकीलभाई म्हणाले. जपान? तिथे नुसते डोंगर, माणसं किनाऱ्याच्या पट्टीत दाटीने राहतात. कंपन्यांनी रूळ टाकले, रुळांच्या कडेला घरं बांधून विकली आणि स्टेशनातच दुकानं काढली. माणूस गाडीतून उतरतो तो कंपनीच्याच दुकानात.

"गादीचं दुकानपण?" शकीलभाईंनी हळूच विचारलं.

"असेल एखादं."

"आणि आफ्रिका?"

"तिथे परक्या राजवटींनी बऱ्याच ठिकाणी खाणीपासून बंदरापर्यंतच रूळ टाकले. माल जहाजात भरला की काम झालं. शेजारच्या देशात जायचं तर कित्येकदा गाडीच नाही, आणि असली तरी रुळांची रुंदी वेगळी."

शकीलभाई खरंच कष्टी झाले. "अरे अल्ला! मग शेजारच्या देशात दिलेल्या मुलींचं काय होत असेल?"

अरबाजमामू इतके हसले की चहा सांडला. अर्शियाला हसू आलं होतं, पण तिने ते दाबलं. तिला आता मुद्द्यावर यायचं होतं. "आणि आपली लाईन कशासाठी आली, अब्बा? कापसासाठी. साहेबाला कापूस बंदराला न्यायचा होता."

"कापूस! म्हणजे आपल्यासाठीच की!" पिंजाऱ्याच्या पोराची छाती फुगली.

"कापसासाठी, अब्बा. आपल्यासाठी नाही. आपण मागून चढलो. तापीच्या या बाजूने सपाट जागा मिळाली, रूळ इकडून गेले. शहादं राहिलं पलीकडे. यात तौहिदचा काय गुन्हा?"

शकीलभाईंनी खूप वेळ सुई रुईत खुपसली, काढली, पुन्हा खुपसली. मग निकाल दिला. "अमेरिका कॅन्सल. शहादंपण कॅन्सल. कुणाचा गुन्हा का असेना, गाडी नाही ती नाहीच."

आता बोला! एवढा जगाचा भूगोल ऐकून माणूस होता तिथेच.

अर्शिया आत गेली आणि दोन दिवस बापाशी बोलली नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं तेव्हा अतिकाचा जीव राहिना. तिने अक्कलकुव्याला नणंदेला फोन लावला. आपा, तुम्हीच या, तुमच्या भावाला कुणाचं पटत नाही.

शहाबानो आपा दुसऱ्या दिवशी दुपारी हजर. वय पंचावन्न-छपन्न, गुडघे दुखरे, हातात लोणच्याची बरणी, बुरख्याला रस्त्याची धूळ. शकीलभाई धावत पुढे गेले. "आपा! किती त्रास झाला असेल!"

"त्रास कसला? तळोद्यापर्यंत उभी होते, पुढे खिडकी मिळाली."

आपाने पाणी प्यायलं, लोणचं अतिकाच्या हवाली केलं, अर्शियाला जवळ घेतलं आणि भावाला विचारलं, मुलात खोट काय? शकीलभाई तयारच होते. त्यांनी सगळ्यांच्या देखत आपल्या बहिणीकडेच बोट दाखवलं. "खोट काय ते हिला विचारा! बिनगाडीच्या गावात मुलगी दिली की काय होतं, ते हिला विचारा! पस्तीस वर्षांत चार वेळा जाऊ शकलो मी. चार! एकच भाऊ हिचा, तोही पोचू शकला नाही. उद्या अर्शियाचं असंच होईल. मी इथे बसून रडत राहीन."

आपा त्याच्याकडे बघत राहिली. तिला हसू येतंय की रडू, ते कुणाला कळेना.

"शक्कू," ती म्हणाली, "मी वर्षातून किती वेळा येते इथे?"

"येतेस की. ईदेला येतेस. आंब्यांच्या दिवसांत येतेस. अर्शियाच्या जन्माच्या वेळी तर महिनाभर होतीस."

"अतिकाचं ऑपरेशन झालं तेव्हा?"

"तेव्हाही आलीस."

"कशाने येते रे मी?"

शकीलभाई चष्मा पुसायला लागले.

"एसटीने येते. मग ती एसटी काय फक्त अक्कलकुव्याहून नंदुरबारला येते? उलटी जात नाही? इथे नेऊन मोडीत काढतात का तिला?"

अतिकाला राहवलं नाही. "आणि सुरतेला अरबाजकडे रोज एवढ्या गाड्या जातात. तिथे तरी शेवटचे कधी गेलात? त्याच्या सासऱ्याच्या मयतीला."

"तू मध्ये बोलू नको," शकीलभाई म्हणाले. पण ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, आणि अहिराणीतही नाही. मग दुकानात जाऊन बसले. प्लॅटफॉर्मवर कुठल्या तरी गाडीची घोषणा झाली, ती त्यांनी ऐकली नाही. पस्तीस वर्षं जे सगळ्या गावाला सांगितलं ते आपण स्वतःही खरं मानत होतो, याची त्यांना भयंकर लाज वाटली. आपा संध्याकाळच्या बसने परत गेली. तिला सोडायला ते स्टँडपर्यंतही गेले नाहीत. तोंड कुठलं दाखवणार?

चार दिवसांनी, शुक्रवारची नमाज झाल्यावर, शकीलभाईंनी दुकानाला कुलूप लावलं. एक नवी उशी काखेत मारली, सातपुड्यातल्या सावरीच्या कापसाची, आणि घरी काही न सांगता एसटी स्टँडवर गेले. तिथे त्यांची फजिती झालीच. सवयीने अर्धा तास आधी पोचले, चौकशीच्या खिडकीवर विचारलं, "अक्कलकुव्याची गाडी किती लेट आहे?" आतला माणूस म्हणाला, "काका, ती समोर उभी आहे, बसा." बस सुटली तशी त्यांनी पुढची दांडी घट्ट धरली. तापीचा पूल आला, गेला. तळोदं आलं. दीड-पावणेदोन तासांत कंडक्टर ओरडला, "चला, अक्कलकुवा." शकीलभाईंना वाटलं हा थट्टा करतोय. पस्तीस वर्षांचं अंतर एवढंसं? ते सगळ्यात शेवटी उतरले.

घर विचारत विचारत जावं लागलं. एका पोराने बोट दाखवलं तेव्हा दार ओळखीचं वाटेना, रंग बदलला होता. कडी वाजवली.

शहाबानो आपाने दार उघडलं. भावाला पाहिलं आणि तिच्या हातातलं ताट खाली पडलं. तिने चौकट धरली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

शकीलभाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. चारही वेळा ते या दारात आले होते ते कुणीतरी गेल्यावरच.

"कुणी नाही, आपा. मीच आलो."

तिचा विश्वास बसला नाही. "खरं सांग. अतिका? अर्शिया?"

"सगळे मजेत आहेत गं. येता येतं का, ते बघायला आलो. आलं तर शहाद्याला हो कळवायचं ठरवलं होतं."

आपाने त्याला आत ये म्हटलं नाही. तिथेच उंबऱ्यावर उभं राहून नंदुरबारला फोन लावला, अतिकाचा आवाज ऐकला, अर्शियाचाही ऐकला, सगळे धडधाकट आहेत याची खात्री करून घेतली. मग दारात उशी छातीशी धरून उभ्या असलेल्या भावाकडे नीट बघितलं.

"अतिका," ती फोनवर म्हणाली, "हा इथे आलाय. रडतोय. पण शहाद्याला हो म्हणतोय."