जपानी हेडफोन चांगला, असं मी सांगितलं

लोणावळ्याच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत बिऱ्हाड. आवाजाच्या बाबतीत मी कुणाची भीड ठेवली नाही. गिऱ्हाईकाचा लाडका रेडिओ घोगरा असेल तर तोंडावर घोगरा म्हणायचो. त्यापायी चार माणसं दुखावली, दुखावू देत. आवाजाबद्दल आयुष्यात एकदाच खोटं बोललो, ते सांगतो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. खंडाळ्याच्या एका बंगल्याचे साहेब परदेशातून दोन भारी हेडफोन घेऊन आले, एक जर्मन, एक जपानी. म्हणाले, "आठ दिवस ठेवून घ्या, नीट ऐका आणि चांगला कुठला ते सांगा. तो माझा, दुसरा तुमचा."

असलं काम खरं तर माझ्या बायकोचं. ती वडिवळे गावची, शाळेची पायरी न चढलेली, पण कान असा की मी मनातल्या मनात जळायचो. सेट दुरुस्त झाला की तिला हाक मारायची. ती पदराला हात पुसत यायची, घटकाभर ऐकायची आणि म्हणायची, "ह्यो नाकातनं बोलतोय." नाहीतर, "ह्याच्या तोंडात घास हाय." मी म्हणायचो, "तुला काय कळतंय त्यातलं?" ती आत वळली की गुपचूप सेट पुन्हा उघडायचो.

साहेब आले तेव्हा तिला जाऊन चार महिने झाले होते. कावीळ झाली आणि आठवड्यात सगळं आटोपलं.

तिचा आवाज तेवढा माझ्याकडे राहिला होता. टेपरेकॉर्डर तपासायला मी एकच रीळ वापरायचो. येईल त्या यंत्रावर तेच चढवायचं आणि आधीच्यावरच "हॅलो, हॅलो" करून दहापर्यंत आकडे म्हणायचे. त्या रिळावर शेवटची ती बोलली होती. एका मास्तरांच्या यंत्राचा माइक बघायला मी तिला चुलीपुढनं उठवून समोर बसवलं होतं. इनमीन दोन वाक्यं बोलली असेल.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी दुकान उघडलं, तर पहिलंच काम टेपरेकॉर्डरचं. तक्रार काय, तर जुनं नीट पुसलं जात नाही. हाताला सवय. रीळ चढवलं, बटण दाबलं, आकडे म्हणत गेलो. "दहा" म्हणालो आणि मग ध्यानात आलं, रीळ तेच. उलटं फिरवून ऐकलं, तर स्पीकरमधून नुसतं माझंच हॅलो-हॅलो. बायकोचा उरलासुरला आवाज मी स्वतःच्या हातानं पुसला, हे कुणाला सांगायचं? नाहीच सांगितलं. त्या रिळावर पुन्हा काही भरलं मात्र नाही, तपासणीला दुसरं घेतलं.

तर ते हेडफोन. दुपारी दुकानाची फळी लावून बसलो. जपानी आधी घेतला. कानावर जाड गाद्या, घाट चढणारी मालगाडीसुद्धा गप्प झाली. तबल्याचा डग्गा थेट छातीत घुमत होता आणि गाणारी बाई अगदी पुढ्यात बसलेली. ऐकत राहावं असा, पण सगळं तुपात घोळवल्यासारखं. जर्मन हलका. कान मोकळेच राहायचे, रस्त्यावरची भाजीवालीही ऐकू यायची. खर्ज बेताचा. पण बाई श्वास कुठं घेते, तंबोऱ्याची कुठली तार किंचित उतरलीय, ते लख्ख कळायचं. कोरडा म्हणा हवं तर, पण पदरचं काही न घालणारा.

गाण्यावरून सगळं कळत नाही, साधं बोलणं ऐकावं लागतं. म्हणून ते रीळ लावलं. जपानीत माझं हॅलो भारदस्त वाटलं, मी खूश. मग जर्मन. तेच हॅलो, एक, दोन, तीन. आणि तीन-चारच्या मधे, खरखरीच्या तळाशी, ती.

"भात लागंल. उठू का?"

त्यावर माझाच जुना आवाज, "बस गं."

यंत्र नीट पुसत नव्हतं म्हणून उरली होती. पुन्हा जपानी लावला, नाही. जर्मन लावला, आहे. किती वेळा अदलाबदल केली कोण जाणे. शेवटी टेबलावर डोकं ठेवून रडलो.

आठ दिवसांनी साहेब आले. "काय ठरलं मग?"

जर्मन चांगला होता. ती असती तर साहेबांना तसंच सांगून मोकळी झाली असती.

"जपानी," मी म्हणालो.

"नक्की? मला तर जर्मन मोकळा वाटला."

"मोकळा नाही, पोकळ आहे. जपानीच घ्या."

साहेबांनी मान डोलावली. हा माणूस आवाजाबद्दल खोटं बोलत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. ते जपानी घेऊन गेले आणि मी मान खाली घालून बसून राहिलो.

इथल्या पावसात रिळाला बुरशी धरते, म्हणून लाकडी पेटीत ऊब राहावी इतका विजेचा बारीक दिवा लावून ते ठेवतो. वाजवावं तसं झिजतं, म्हणून क्वचितच लावतो.

त्या दिवशी मी बस म्हणालो, म्हणून ती बसली. भात करपला. जेवताना मी ताट सरकवलं आणि म्हणालो, "लक्ष कुठं असतं तुझं?" करपलेला भात तिनं आपल्या ताटात घेतला. आता "उठू का?" ऐकू आलं की मी मोठ्यानं म्हणतो, "ऊठ." आणि कानात लगेच माझाच आवाज येतो, "बस गं."